राखाडी, नंबर एकोणीस

आमच्या गावात नदीला विचारून धुणं काढत.
पुलावरून वाकून बायका म्हणत, आज काय?
आणि नदी सांगे: तांबडी,
म्हणजे वर तेलेशच्या गिरणीत गालिच्यांचं काम;
हिरवट खाकी,
म्हणजे कुठेतरी लढाई लांबली.
पांढऱ्या चादरी रविवारपर्यंत थांबत.
रविवारी नदीत नुसतं पाणी असे
आणि ती जरा अनोळखी वाटे.

गाव डोंगराच्या अंगावर, एकावर एक रचलेलं,
मेंढरं त्याच्याही वर.
लोकर उतरत यायची, धुतलेली, पिंजलेली, कातलेली,
खाली स्टेशनात पोचेतो तिचं कापड झालेलं.
माणसं उलटी चढत,
पहाटे चारला, दरीतल्या खेड्यांतून,
एका हातात कंदील,
काखेत लाकडी तळाचे बूट, कारण वाटेत झिजतात.
गिरणीच्या दाराशी पाय पुसून मग घालायचे.

आजोबा रंगारी. कोपरापर्यंत निळे.
शवपेटीत त्यांना पांढरा सदरा घातला,
बाह्या ओढून ओढून लांब केल्या,
तरी बोटं उरलीच.

मावशी झुल्मीरा रफूवाली.
ताणलेलं कापड उजेडात, आणि ही डोळे मिटून.
डोळ्यांना नक्षी दिसते, म्हणायची, चूक बोटांना.
तुटला धागा, सुटली वीण, दडलेली गाठ,
चुकीमागे एक तांब्याचं नाणं.
म्हणून बेलार्मीनो विणकर
दर गजाला एक चूक मुद्दाम सोडायचा,
डाव्या काठापासून चार बोटं आत,
नेहमी तिथेच.
दोन वर्षं मागणी घातली त्यानं अशी.
ती नाही म्हणाली.
नाण्यांचं काय केलं ते कुणाला सांगितलं नाही.
तो मात्र विणत राहिला, चुकत राहिला.

मग कुठल्याशा देशाच्या रेल्वेनं
गणवेशांची मागणी रद्द केली.
तेलेशच्या नातवानं शेवटच्या तीन महिन्यांचा पगार
कापडात दिला:
राखाडी, नंबर एकोणीस, माणशी चाळीस मीटर.

त्या हिवाळ्यात सगळं गाव एका रंगाचं.
कोट राखाडी, पडदे राखाडी,
पोरांच्या विजारी, पाद्र्याची उशी,
दोर्देयूच्या दुकानातला म्हातारा कुत्रासुद्धा.
काम शोधायला निघालो आम्ही,
आणि लिस्बनच्या फलाटावर
एकमेकांना लांबूनच ओळखलं
आणि ओळख दाखवली नाही.
कापड चांगलं होतं, हीच पंचाईत.
फाटेना.

आता गिरणीत विद्यापीठ आहे. मी रात्रीचा पहारेकरी.
रंगाच्या हौदांवर जाड काच बसवली,
पोरं त्यावर बसून परीक्षेचं वाचतात.
एकीनं विचारलं, काका, या विहिरी कसल्या?
रंगाच्या, म्हटलं.
कुठल्या रंगाच्या?
सांगायला गेलो आणि अडलो.
मला ठाऊक होता तो नदीतला,
धुऊन उरलेला, वाहून आलेला.
कापडावर बसलेला रंग मी कधी पाहिलाच नव्हता,
तो रात्रीच्या गाडीनं जायचा.
एक तेवढा राखाडी राहिला.

मावशी एक्याण्णवची. वृद्धाश्रमात खिडकीपाशी.
मला नावानं ओळखत नाही.
गेल्या गुरुवारी माझ्या कोटाची बाही धरली
(कोट वडिलांचा, त्याच चाळीस मीटरमधला),
डोळे मिटले,
बोटं चालू लागली, मनगटापासून वर, हळू,
आणि एका जागी थांबली.

इथे, म्हणाली.

पगाराचं कापड. ते रफूला गेलंच नव्हतं.

सुई मागितली नाही तिनं.
जेवणाची घंटा झाली, सगळ्या उठल्या.
मी हात तसाच ठेवला.